तुम्ही काय वाजवता?

ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकारात ड्रम नसतो. ठेका धरायचं काम मँडोलिनकडे असतं. उभा बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जातला सूर देतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मँडोलिनवाला तारांवर झटक्यात आघात करतो आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडून सूर तोडतो. ऐकू येतो तो फक्त ‘चक्’. या आघाताला वादक चॉप म्हणतात. चॉप ढळला तर फिडल, म्हणजे व्हायोलिन, कितीही गोड वाजो, गाणं बसत नाही.

आमच्या इथल्या कॅफेत हा चॉप ज्या बाईंच्या हातात आहे, त्या आठवडाभर एका दवाखान्यात लोकांचे दात साफ करतात. बँजोवाले आजोबा शाळेची बस चालवून निवृत्त झालेत. फिडल वाजवणारा गुरांचा डॉक्टर आहे. कधी गोठ्यावरून थेट येतो, तेव्हा रबरी बूट दाराबाहेर काढून ठेवतो. गिटारवाल्याची ख्रिसमसच्या झाडांची शेती आहे. इथल्या डोंगरांच्या उंचीवर फ्रेझर फर चांगलं वाढतं. नोव्हेंबर उजाडला की झाडं तोडायची, जाळीत बांधायची, ट्रकमध्ये भरायची अशी घाई सुरू होते आणि महिनाभर तो दिसत नाही. बास एक शाळकरी मुलगी वाजवते, वाद्य तिच्याहून उंच. हे पाच जण कायमचे. बाकी येणारे येतात, कोपऱ्यात केस उघडून वाद्य जुळवतात आणि रिंगणात खुर्ची ओढून बसतात.

कॅफेचं हे गाव नैर्ऋत्य व्हर्जिनियात, ब्लू रिजच्या डोंगरांत. मी राहते त्या ब्लॅक्सबर्गहून तासाभराच्या अंतरावर. एक मुख्य रस्ता, विटांची कोर्टाची इमारत, दोन चर्च, गुरांच्या खाद्याचं दुकान आणि हे कॅफे. सकाळी इथे शेतकरी अंडी आणि ग्रेव्हीत बुडवलेली बिस्किटं खायला येतात. शुक्रवारी संध्याकाळी टेबलं भिंतीला लागतात, मधे खुर्च्यांचं रिंगण होतं आणि कॉफी दळायचं यंत्र बंद केलं जातं. माईक नाही, तिकीट नाही. काउंटरवर काचेची एक बरणी असते. तिच्यातले पैसे कधी तारांना जातात, कधी गावातल्या कुणाच्या आजारपणाला.

पहिल्यांदा गेले तेव्हा बँजोवाल्या आजोबांनी मला विचारलं, “तुम्ही काय वाजवता?” कुठून आलात, काय करता, हे विचारलं ते फार नंतर, तेही मध्यंतरात आल्याचा चहा पीत असताना. मी म्हणाले, काही नाही, ऐकायला आले आहे. त्यांनी रिंगणाला लागूनच एक खुर्ची ओढली. “मग इथे बसा. इथून सगळ्यांची बोटं दिसतात.” ती जागा मी पुढे सोडली नाही.

हे संगीत ऐकताना ते फार जुनं असेल असं वाटतं. फिडलच्या गतींमधल्या कितीतरी स्कॉटलंड-आयर्लंडहून इथे आल्या, तेवढ्यापुरतं ते खरंही आहे. पण ब्लूग्रास म्हणून जे ओळखलं जातं ते माझ्या वडिलांच्या वयाचं आहे, आणि ते घडलं व्यावसायिक मंचावर. केंटकीतल्या रोझीन या खेड्याजवळ १९११ साली जन्मलेला बिल मन्रो आठ भावंडांत धाकटा. थोरल्यांनी फिडल आणि गिटार घेतल्यावर त्याच्या वाट्याला मँडोलिन उरलं. आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी आठपैकी चारच तारा ठेवायला लावल्या, असं तो सांगत असे. आई तो दहा वर्षांचा असताना गेली, वडील सोळाव्या वर्षी. आईचा भाऊ पेन्डल्टन व्हॅन्डिव्हर आसपासच्या नाचांना फिडल वाजवायचा आणि हा भाचा गिटारवर त्याची साथ करायचा. त्याच दिवसांत आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबरही तो नाचांना वाजवायला जाई. पुढे भावांच्या पाठोपाठ तो इंडियानात गेला आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात पिंपं हलवण्याचं काम करू लागला. १९३९ साली नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात त्याला जागा मिळाली. त्याच्या वादकमेळाचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’, कारण केंटकीला ब्लूग्रास स्टेट म्हणतात. संगीताला ते नाव लोकांनी नंतर लावलं.

१९४५ च्या डिसेंबरात एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज या मेळात आला, तो नॉर्थ कॅरोलायनाचा. युद्धाच्या काळात शेल्बीच्या सूतगिरणीत त्याने काम केलं होतं. अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून तो बँजो अशा वेगाने आणि इतका स्वच्छ वाजवायचा की ऑप्रीच्या श्रोत्यांनी तोवर तसं काही ऐकलं नव्हतं. आठ सुरांचं एक आवर्तन, त्यात तीन-तीन-दोन असे गट. त्यामुळे जोर सतत सरकत राहतो आणि ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो. पाचवी तार आखूड असते, वाद्याच्या मानेच्या मधूनच सुरू होते. अंगठ्याने छेडली जाणारी ही तार त्या सगळ्या धावपळीत आपला एकच सूर धरून असते. मला बँजोत सगळ्यांत प्रिय काय असेल तर ही तार.

स्क्रग्ज आणि गायक-गिटारवादक लेस्टर फ्लॅट १९४८ साली मन्रोला सोडून गेले. पण त्या दोन-अडीच वर्षांत जो साचा पडला तो आजही आमच्या कॅफेत जसाच्या तसा आहे. काही लोक या साच्याबद्दल फार कडक असतात. हे वाद्य चालेल, ते चालणार नाही. त्यांना मी आठवण करून देते की १९४५ साली खुद्द मन्रोच्या मेळात ॲकॉर्डियन होतं आणि ते सॅली ॲन फॉरेस्टर नावाची बाई वाजवत होती.

मला यातली जी गोष्ट विलक्षण वाटते ती पुढे आहे. खेड्यातलं गाणं शहरात जातं, मंचावर चढतं, कलावंत ते उचलतात आणि गावात ते हळूहळू विझतं, हे आपण पाहत आलो आहोत. इथे उलटं झालं. ऑप्रीचं प्रक्षेपण करणाऱ्या डब्ल्यूएसएम केंद्राची ताकद पन्नास हजार वॅट. शनिवारी रात्री डोंगराच्या घळीतलं घरही तो आवाज पकडू शकायचं. शनिवारी ऐकलेलं लोक रविवारी पडवीत बसून बोटांतून काढून बघायचे. निष्णात वादकांनी पोटासाठी वाजवलेलं अवघड संगीत शेतकऱ्यांनी, गिरणीकामगारांनी, शिक्षकांनी आपलं करून घेतलं. १९६५ साली इथून फार लांब नसलेल्या फिनकॅसलला, घोड्यांच्या एका फार्मवर, ब्लूग्रासचा पहिला मोठा महोत्सव कार्लटन हेनीने भरवला. तेव्हापासून अशा महोत्सवांत अर्धा कार्यक्रम मंचावर आणि अर्धा वाहनतळावर होतो. आलेल्यांपैकी कितीतरी जण गाडीच्या डिकीत वाद्य घेऊनच येतात आणि रात्र सरेपर्यंत तंबूंमधून वाजवत बसतात. गॅलॅक्स गावात १९३५ पासून भरणाऱ्या फिडलवादकांच्या मेळाव्यातही हेच. बक्षिसं मंचावर मिळतात, शिकणं गाड्यांच्या मधे होतं.

हे शक्य झालं ते या संगीताच्या बांधणीमुळे. बहुतेक गाण्यांना तीन कॉर्ड पुरतात. गायक पट्टी सांगतो आणि सुरू करतो. कडवं झालं की एक जण पुढे येऊन ती चाल आपल्या वाद्यावर, आपल्या पद्धतीने वाजवतो. याला ब्रेक म्हणतात. मग पुन्हा कडवं, मग दुसऱ्याचा ब्रेक. कुणी वाजवायचं हे आधी ठरलेलं नसतं. ध्रुपद संपत आलं की गायक एकाकडे बघतो. त्याने होकाराची मान हलवली तर ब्रेक त्याचा. नकार दिला तर नजर पुढच्याकडे जाते, आणि त्याचं कुणालाही काही वाटत नाही. शेवट जवळ आला की गायक एक पाय उचलतो आणि सगळे एकत्र थांबतात. हे नियम कुठे भिंतीवर लिहिलेले नाहीत. नवा माणूस दोन शुक्रवार नुसता बसला तरी त्याला ते कळतात.

यातला सगळ्यांत मोठा नियम उरलेल्यांसाठी आहे. ज्याची पाळी नाही त्याने काय करायचं? त्याने खाली यायचं. बँजो हे फार मोठ्या आवाजाचं वाद्य. ते चालू राहिलं तर गिटारचा ब्रेक कुणाला ऐकूच येणार नाही. म्हणून आजोबा गिटारची पाळी आली की जवळजवळ थांबतात, मधूनच एखादा सूर सोडतात. फिडलवाला गाणाऱ्याच्या श्वासाच्या जागा भरतो, शब्दांवर कधी येत नाही. पाच वाद्यं आणि एक गाणारा, पण कुठल्याही क्षणी ऐकायला एकच माणूस पुढे असतो आणि बाकी सगळे त्याच्यासाठी वाजवत असतात. रोजच्या जगण्यात मला असं फार कमी ठिकाणी दिसलं आहे.

आणि हे सगळे सारख्या ताकदीचे नाहीत. गुरांचा डॉक्टर अव्वल वाजवतो, तो कुठल्याही मोठ्या मेळात शोभेल. बासवाली मुलगी अजून शिकते आहे. आजोबांच्या बोटांना संधिवात आहे आणि स्क्रग्जचा वेग आता त्यांना झेपत नाही. त्यांनी सुचवलेलं गाणं मुळातच जरा सावकाश उचललं जातं. वेग ठरतो बास आणि चॉपवर, म्हणजे त्या मुलीवर आणि त्या बाईंवर. दोघी एकमेकींकडे बघतात आणि तेवढ्यात तो ठरून जातो. एकदा दूर शहरातून आलेला एक तरबेज वादक प्रत्येक गाणं रेटत होता. दोघी अजिबात हलल्या नाहीत. चौथ्या गाण्याला तो त्यांच्या वेगावर आला आणि त्या रात्री त्यानेही फार सुंदर वाजवलं.

आजोबांच्या मांडीवरच्या त्या वाद्याबद्दल मात्र आणखी लिहायलाच हवं. बँजो म्हटलं की मराठी वाचकाला गणपतीच्या मिरवणुकीतली बँजो पार्टी आठवेल. तो बँजो म्हणजे जपानमधल्या नागोयात १९१२ साली निघालेल्या ताईशोगोतोचा वंशज. टाइपरायटरसारखी बटणं असलेला, पुढे विजेवर चालू लागलेला. इथला बँजो आला आफ्रिकेतून. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांना भोपळ्याला कातडं ताणून, दांडी लावून वाद्य करता येत होतं. सेनेगल-गांबियाकडचं आकोन्टिंग हे त्याचं आजही वाजणारं भावंड, आणि त्यालाही अंगठ्याची आखूड तार आहे. मला प्रिय असलेली ती तार कुठून आली हे कळल्यापासून मी ती वेगळ्या कानांनी ऐकते. १८३० च्या दशकात व्हर्जिनियाच्याच जोएल स्वीनी या गोऱ्या माणसाने हे वाद्य काळ्या वादकांकडून उचलून मंचावर नेलं. पुढे तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करणाऱ्या मिन्स्ट्रेल खेळांत ते वाजू लागलं. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी गोऱ्यांची आणि काळ्यांची गाणी वेगवेगळ्या याद्यांत घातली आणि बँजो गोऱ्यांच्या यादीत गेला. २०१७ साली ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसमोर रायनन गिडन्सने बीजभाषणात हा सगळा इतिहास मांडला. आमच्या कॅफेत बसणारे जवळजवळ सगळे गोरे आहेत. हे वाद्य ज्यांनी घडवलं त्यांच्या मुलांनातवंडांपैकी एखादाच क्वचित त्या रिंगणात दिसतो. शुक्रवारचा मला कितीही आनंद होत असला तरी हे सांगितल्याशिवाय त्या आनंदाबद्दल लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही.

ब्लूग्रासची गाणी कशाबद्दल असतात? बरीचशी मागे सोडलेल्या घराबद्दल. डोंगरातलं लाकडी घर, दिवा लावून वाट बघणारी आई, परत जाईन म्हणता म्हणता राहून गेलेलं गाव. कोळशाच्या खाणींत आणि उतारावरच्या शेतीत भागेना तेव्हा या डोंगरांतली लाखो माणसं डेट्रॉइट, सिनसिनाटी, डेटन, बाल्टिमोरच्या कारखान्यांकडे गेली. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणींच्या मुलखातली हेझेल डिकन्स अशीच बाल्टिमोरला जाऊन कारखान्यात राबली. १९६५ साली ॲलिस गेरार्डबरोबर तिची पहिली रेकॉर्ड निघाली. ब्लूग्रासमध्ये बायकांनी पुढे उभं राहून गायचं हे तिथून रुजलं. घराची ही गाणी घर सोडलेल्यांनी जिवंत ठेवली. माझं माहेर सातारा जिल्ह्यात आहे. ही गाणी ऐकताना मला त्या डोंगरांतलं काही मुद्दाम आठवावं लागत नाही.

बाबा एका उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. त्यांनी आयुष्यभर तलाठ्याची नोकरी केली आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवली. इंग्रजी जेमतेम. मी त्यांना कॅफेत नेलं तेव्हा वाटलं, अर्ध्या तासात म्हणतील चला. ते शेवटपर्यंत हलले नाहीत. पहिल्या गाण्यातच माझ्या कानाशी लागून म्हणाले, “पांढरी पाच.” खरंच, गाणं जी मध्ये होतं. मग प्रत्येक गाण्याला ते पट्टी ओळखत गेले. दातांच्या दवाखान्यातल्या बाईंनी मन्रोच्या पट्टीतलं एक गाणं उंच आवाजात उचललं तेव्हा बाबा ताठ बसले. “पांढरी सात! बाईमाणूस असून किती मोकळा आवाज लावते बघ.” मी म्हणाले, “बाबा, हे गाणं लिहिलं गड्याने, आणि त्याचाही आवाज तिथेच जायचा.” त्यांना ते पटेना, मग घरी आल्यावर मन्रोची रेकॉर्ड लावून ऐकवली.

मध्यंतरात आजोबांनी बाबांनाही तोच प्रश्न विचारला. मी सांगितलं, हार्मोनियम. मग भाता कसा असतो, तो डाव्या हाताने कसा मारतात, हे बाबांनी हवेत हात हलवून दाखवलं. आजोबांच्या लहानपणी त्यांच्या चर्चमध्ये पायाने भाता मारायचा ऑर्गन होता, तो त्यांची आजी वाजवायची. दोघे म्हातारे, एक पाय हलवतोय, एक हात, आणि मधे मी दुभाषी. दहा मिनिटांनी त्यांना माझी गरज उरली नाही.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “यांना साथ येते.” भजनात तबलजीला, टाळकऱ्याला, पेटीवाल्याला त्यांनी ही पावती किती कमी वेळा दिली आहे ते मला माहीत आहे. आपल्याकडे भजनात बुवा एक असतो आणि बाकीचे त्याच्या मागे, इथे बुवा दर कडव्याला बदलतो, हा फरकही त्यांनीच सांगितला. आणि तो त्यांना आवडला होता.

हौशी हा शब्द आपण अनेकदा कमी दर्जाचं या अर्थाने वापरतो, निदान पुण्या-मुंबईच्या बैठकींत तरी. इथल्या डोंगरांत तसं मानायला मी तयार नाही. रग्बी नावाच्या वस्तीत राहणारे वेन हेंडरसन आयुष्यभर खेड्यापाड्यांत टपाल वाटत होते आणि उरलेल्या वेळात हाताने गिटार घडवत होते. त्यांच्या गिटारसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. एरिक क्लॅप्टनसाठी त्यांनी घडवलेल्या गिटारवर एक पुस्तक निघालं आहे. १९९५ साली त्यांना पारंपरिक कलांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप मिळाली आणि ते टपाल वाटत राहिले. आमच्या कॅफेतल्या कुणाला असं काही मिळणार नाही आणि तशी कुणाची अपेक्षाही नाही. पण शुक्रवारी वाजवता यावं म्हणून ती माणसं आठवडाभर घरी रियाज करतात. गुरांच्या डॉक्टरच्या गाडीत पुढच्या सीटवर फिडलची केस असते आणि औषधांची पेटी मागे.

रिंगणात तरुण कमी आहेत, हे मला दिसतं. बासवाली मुलगी पुढल्या वर्षी कॉलेजला जाईल. या भागातल्या कितीतरी शाळांत शाळा सुटल्यानंतर मुलांना फिडल, बँजो, गिटार शिकवण्याचे वर्ग चालतात, वाद्यं उसनी मिळतात. ती स्वतः तिथेच शिकली. आता शनिवारी सकाळी ती तिथे लहान मुलांना बासवर बोटं कुठे ठेवायची ते दाखवते. त्यातला एक मुलगा, वय नऊ, मँडोलिन घेऊन रिंगणात येऊ लागला आहे. चॉपसाठी चार बोटं ताणावी लागतात, तेवढा त्याचा हात अजून पुरत नाही. बाई त्याला शेजारी बसवून दोन बोटांचा सोपा चॉप शिकवतात. ब्रेकसाठी नजर त्याच्याकडे आली की तो जोरजोरात नकाराची मान हलवतो, आणि गाणारा हसून पुढे जातो. पुढच्या गाण्याला नजर पुन्हा त्याच्याकडे येतेच.

अमेरिकेत मुलामुलींकडे आलेले आपले आईवडील नायगारा बघतात, वॉशिंग्टन बघतात, मंदिरात जातात. त्यात एक संध्याकाळ या डोंगरांसाठी ठेवा. शुक्रवारी फ्लॉइडच्या कंट्री स्टोअरमध्ये वाजवणारेही असतात आणि लाकडी जमिनीवर टाचा आपटत नाचणारेही. शनिवारी हिल्टन्सला कार्टर या गाणाऱ्या कुटुंबाच्या ‘फोल्ड’ नावाच्या सभागृहात कार्यक्रम असतो, तिथे दारू नाही, सगळं घरच्यासारखं. ऑगस्टमध्ये गॅलॅक्सला जाल तर वाहनतळात आधी फिरा, मंच नंतर बघा. छोट्या गावातल्या कॅफेत गेलात तर काहीतरी खा, बरणीत पैसे टाका, फोन खिशात ठेवा आणि बोटं दिसतील अशा जागी बसा. काय वाजवता असं कुणी विचारलं तर लाजू नका. पेटी, तबला, टाळ, जे वाजवत असाल ते सांगा.